येते

रात्री पाऊण वाजता, खराडीच्या सहाव्या मजल्यावर,
हेडफोनच्या स्पंजाखाली कान घामेजलेला,
मिसेस हॉलोवे म्हणाल्या,
"वेल, आय विल लेट यू गो."

मी हबकलेच.
प्रोबेशन संपायला अजून एकवीस दिवस
आणि ही बाई मला सोडून देते म्हणते,
पिंजऱ्याचं दार उघडावं तशी.
"मॅम, डिड आय डू समथिंग राँग?"
पलीकडे आधी काहीच नाही, मग हसू,
मग त्या हसण्यातून निघालेला लांबलचक खोकला.
असं म्हणायचं असतं गं, त्यांनी समजावलं,
फोन आधी आपण ठेवला असं वाटू नये म्हणून.

कॅम्पातल्या वर्गात डिकुन्हा मिस सांगायच्या
(खाली बुटांचं दुकान, जिन्यात कायम नव्या चामड्याचा वास):
शब्द मोजू नका, वाक्याचं वजन बघा.
मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघसुद्धा मारली.
वजन कशात धरायचं, ते राहिलं विचारायचं.
आमचे अण्णा मार्केट यार्डात तोलणार होते, तीस वर्षं.
त्यांना विचारलं तर म्हणाले,
"आधी बारदान वजा कर.
पोत्यासकट कोण खातं कांदा?"

तेव्हापासून वजा करतेय.

'पीस ऑफ केक'समोर लिहिलंय: डाव्या हाताचा मळ.
'नॉट टू बॅड' म्हणजे आपलं 'बरंय',
ज्यात बरं असेलच असं नाही.
पोटातल्या फुलपाखरांसमोर आधी 'गोळा' लिहिलं, मग खोडलं.
फुलपाखरं उडतात, गोळा बसून राहतो.
मुलाखतीच्या सकाळी मगरपट्ट्याच्या सिग्नलला
माझ्या पोटात काय होतं, ते मला पक्कं आठवतं.
पुन्हा 'गोळा' लिहिलं.
आणि 'यू मस्ट कम फॉर टी समटाइम'?
तिथली जागा मी कोरीच सोडली.
पौड रोडला मावशीच्या शेजारचे काका
"या एकदा निवांत" म्हणत म्हणत दार लोटतात,
त्यामुळे हे एक मला फुकटात येत होतं.

पण मी सांगत होते त्या फोनचं.
पाइप फुटला होता त्यांचा, गालिचा कुजला होता,
नवऱ्याची आरामखुर्ची त्याच गालिच्यावर होती,
आणि नवरा नव्हता.
फॉर्ममध्ये खुर्चीला रकाना आहे, 'फर्निचर, अदर'.
मी तो भरला. सगळं नीट झालं. निरोपाची वेळ आली
आणि शिकवलेलं एकही वाक्य जिभेवर येईना.
'जाते' म्हणू नये, यासाठी लहानपणी
आईचा धपाटा खाल्लाय मी, चप्पल पायात असताना.
तर मी म्हणाले,
"ओके मॅम. आय कम."

"व्हेन, डिअर?"

क्वालिटीवाल्या पुष्करने ती कॉल तीनदा ऐकली.
शेरा: समारोप अस्पष्ट. वजा चार.
मी भांडले नाही. काय सांगणार होते,
की आमच्यात निघताना येतात?

महिन्याभराने त्यांची फाइल पुन्हा उघडली गेली.
दुसऱ्याच कुणी फोन घेतला होता, दुपारच्या शिफ्टला.
टिपणात एवढंच:
क्लेमबाबत तक्रार नाही.
ग्राहक विचारतात, ती मुलगी येणार होती, तिचं काय झालं.

साडेतीनला कॅब निघते.
मुंढव्याच्या पुलावर नदीचा वास काचा लावूनही आत येतो.
गाडीतळाला मी उतरते, डबा, ओळखपत्र, स्टोल, सगळं चाचपून.
"येते हं, नवनाथदादा."
"या," तो म्हणतो,
मागे न बघता गिअर टाकतो,
आणि जातो.